पेलिकनमधलं नऊ नंबरचं टेबल

पेलिकन हॉटेलच्या खिडक्यांना चिकटवलेले वर्तमानपत्रांचे कागद निघाले, ते साल २०११. दीड वर्ष ते तिथे होते. रोज दूध आणायला जाताना नोला प्रीवेट त्यांतल्या त्याच त्या बातम्या वाचायची. कागद निघाले त्या दिवशी तिला ओळखीचं कोणी गाव सोडून गेल्यासारखं वाटलं.

पेलिकनला हॉटेल म्हणत, पण तिथे कोणी मुक्कामाला उतरल्याचं हॅलोरन पॉइंटमध्ये कोणालाच आठवत नाही. मेलबर्नच्या पश्चिमेच्या त्या उपनगरात रेल्वेचा कारखाना होता, कारखान्याला भोंगा होता, आणि भोंगा झाला की जिथे बिअर प्यायला जायचं ते पेलिकन होतं. कारखाना गेला, भोंगा गेला, माणसं सवयीने जात राहिली. मग शहरातली तरुण मंडळी इकडे घरं घेऊ लागली. हार्डवेअरच्या दुकानात खिळे मिळेनासे झाले आणि पाव मिळू लागला. त्या पावासाठी शनिवारी सकाळी रांग लागे.

"पावासाठी रांग?" मर्व्ह म्हणायचा. "का, युद्ध लागलंय?"

मर्व्ह म्हणजे नोलाचा नवरा. कारखान्याच्या कोठारात पस्तीस वर्षं कारकून. त्या नोकरीने त्याचा स्वभावच असा घडला होता की एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की ती चोरीलाच गेलेली असायची. चष्मा कपाळावर असला तरी तो आधी शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाहायचा.

शेजारी होता साल्वू झामित. लहानपणी माल्टाहून बोटीने आलेला, कारखान्यात वेल्डर होता. परसात वाल आणि फळांसाठी फड्या निवडुंग लावायचा, रविवारी सशाचं कालवण करून एक वाडगा कुंपणावरून नोलाला द्यायचा. बायको गेल्यापासून तो वाडगा मोठा झाला होता. मर्व्ह ते कालवण पुसून खायचा आणि खाताना म्हणायचा, "या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही."

या अविश्वासाचं मूळ पेलिकनच्या भिंतीवर होतं. तिथे मासेमारी मंडळाचा एक लांबलचक लाकडी फलक होता. दरवर्षी खाडीत सगळ्यात मोठा स्नॅपर मासा पकडणाऱ्याचं नाव त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवलं जाई. १९६८ पुढे लिहिलेलं होतं: एम. प्रीवेट, एकवीस पौंड. त्या वर्षी साल्वूचा मासा वीस पौंडांचा होता. फलकावर दुसऱ्या क्रमांकाला जागा नव्हती.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. तो मासा मर्व्हने पकडलेला नव्हता. तो नोलाने पकडला होता.

घोडेशर्यतींच्या आठवड्यातला शनिवार होता, समुद्र जरा उसळलेला होता, आणि मर्व्ह बोटीच्या तळाशी आडवा पडून पोटातलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात रिकामं करत होता. नोलाने पंचवीस मिनिटं झुंजून मासा वर घेतला. तळव्यावर दोरीचा वळ उठला तो नाताळपर्यंत गेला नाही. पण मंडळात बायका सभासद नसत. बायकांना पेलिकनच्या मुख्य बारमध्ये पाऊल टाकता येत नसे. बाजूला बायकांची एक खोली होती, तिच्या झरोक्यातून पेले येत, पण अंगाला आमिषाचा वास आहे म्हणून त्या दिवशी तिथल्या बाईने नोलाला दारातूनच परत पाठवलं. मग ती बाहेर मोटारीत बसली. मर्व्हने तिला लेमोनेड घातलेल्या बिअरचा पेला आणून दिला आणि मासा घेऊन आत गेला. आतून टाळ्या ऐकू आल्या.

"आत्ता गडबड आहे," तो परत येऊन म्हणाला. "नंतर सांगतो त्यांना."

नंतर म्हणजे केव्हा, हे तिने पहिली दोन वर्षं विचारलं. पुढे विचारलं नाही. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक जण हळूहळू विसरत चालला होता. तो मासा कसा ओढला याचं मर्व्ह असं वर्णन करायचा की ऐकताना नोलाचेच हात दुखायला लागायचे.

तर खिडक्यांना ते कागद लागले, पेलिकन दुरुस्तीला बंद झालं आणि आठवड्याभरात रस्त्यावर राडारोड्याची लोखंडी पेटी येऊन उभी राहिली. मर्व्ह सत्तरीच्या वयात तिच्यात चढला. फलक सापडला नाही. सापडला तुटक्या बेसिनचा एक तुकडा आणि नगरपालिकेचा एक अधिकारी, जो म्हणाला, "आजोबा, बाहेर या. परवान्याशिवाय कचऱ्यात शिरता येत नाही."

"कचऱ्यात शिरायचा परवाना कुठे मिळतो?" मर्व्हने विचारलं. त्याला तो खरोखरच हवा होता.

फलक गेला कुठे? मर्व्हच्या मते साल्वूने नेला, चाळीसेक वर्षांची जळजळ कायमची चुलीत घालायला. साल्वूच्या मते मर्व्हने नेला.

"मी? माझंच नाव मी कशाला चोरू?"

"ते तूच जाणे, लेका," साल्वू कुंपणावरून म्हणाला. "ज्याला काही लपवायचं असतं तोच वस्तू लपवतो." आणि वाल तोडायला लागला. त्याच्या त्या वाल तोडण्यात काहीतरी अर्थ होता, असं मर्व्ह रात्रभर म्हणत होता.

मग मर्व्हने नगरपालिकेच्या वारसा विभागाला पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं की पेलिकनमधल्या हिरव्या फरशा वारसा यादीत आहेत, फलक नाही. तो यादीत घ्यायचा असल्यास सोबतचा अर्ज भरावा. अर्जात एक रकाना होता: वस्तू सध्या कुठे आहे? मर्व्हने लिहिलं, "शेजारच्या घराची झडती घ्यावी." अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. अशी अकरा पत्रं गेली. शेवटची त्याने लाल शाईने लिहिली आणि त्यात 'संस्कृतीचा खून' हे शब्द होते. गल्लीतल्यांनी सल्ला देण्यात कसूर केली नाही. कोपऱ्यावरच्या मिसेस डफी म्हणाल्या, खासदाराला लिही. समोरचा तरुण म्हणाला, इंटरनेटवर टाका. पाववाला म्हणाला, माझ्याकडे एक जुनी फळी आहे, चालेल का?

या सगळ्यात नोलाचं म्हणणं कोणी विचारलं नाही. तिला तो फलक सापडायला हवा होता की नको होता, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. सापडला नाही तर ती पंचवीस मिनिटं कुठेच उरत नव्हती. सापडला तर दुसऱ्याच्याच नावावर उरत होती.

ऑगस्टमध्ये त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. सिडनीला असलेल्या मुलीने, जनीनने, नव्या पेलिकनमधल्या जेवणाचं कुपन पाठवलं. "जाऊन तर बघा," ती फोनवर म्हणाली. "डॅडी, नुसतं बाहेरून संशय घेऊ नका."

"मी आतून घेईन," मर्व्ह म्हणाला. त्याने अंत्यविधींना घालायचा सूट काढला आणि खिशात मोजपट्टी टाकली. साल्वूलाही बरोबर न्यायचं ठरलं, कारण आपण आत असताना तो घरी एकटा राहणं मर्व्हला धोक्याचं वाटत होतं. साल्वूनेही लगेच होकार दिला, कारण मर्व्हला आत एकटं सोडणं त्याला धोक्याचं वाटत होतं. नोलाने केस सेट करून घेतले. मुख्य बारमध्ये बसून जेवायचं, याचीच तिला अपूर्वाई होती.

संध्याकाळी सहाला ते पोहोचले. दारात दाढीवाला मालक उभा होता, जॅरड नावाचा, अंगात खाटकासारखा चामडी एप्रन. दाढी इतकी दाट होती की मर्व्ह नंतर म्हणाला, ज्याचा अर्धा चेहरा दिसत नाही त्याच्या हातचं खायचं कसं?

"या, या! आमच्या मूळ फरशा पाहिल्यात?" जॅरड भिंतीवरून हात फिरवत म्हणाला. "शंभर वर्षांच्या. हा हिरवा रंग बघितला की मन कसं शांत होतं, पाहुणे म्हणतात."

नोलाने त्या फरशांकडे पाहिलं. ती लहान असताना दारूची दुकानं सहाला बंद व्हायची. कारखाना पाचला सुटायचा. त्या एका तासात माणसं जे पोटात भरायची ते पुष्कळदा तिथेच परत यायचं, म्हणून छातीपर्यंत फरशा. सव्वासहाला रबरी नळी लावून सगळं धुऊन काढायचे. शाळेतून उशिरा येताना तिने ते पाणी दारातून रस्त्यावर येताना पाहिलं होतं.

"छान आहेत," ती म्हणाली. "धुवायला सोप्या." जॅरड आता फरशीला गाल टेकवून उभा होता, म्हणून पुढचं तिने सांगितलं नाही.

त्यांना नऊ नंबरचं टेबल मिळालं. लांब, जाड, शिलाई मशिनच्या लोखंडी पायांवर बसवलेलं. मर्व्हने खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून पाहिली. मग मेन्यू चष्म्याजवळ धरला, मग लांब धरला, मग उलटा करून मागे काही लिहिलंय का पाहिलं.

"बिअर कुठली देऊ?" वाढणाऱ्या मुलीने विचारलं. "चौदा आहेत. एकीला संत्र्याच्या सालीचा वास आहे, एक धुरकट आहे—"

"बिअरचा वास असलेली आहे का?" साल्वू म्हणाला.

मर्व्हने चिकन पार्मा मागवली. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चिकन, त्यावर टोमॅटोचा रस, त्यावर वितळलेलं चीज. शुक्रवारी कारखाना सुटल्यावर तो तीस वर्षं हेच खात आला होता. पण ताटलीऐवजी एक पाट आला. पाटाच्या एका टोकाला चिकन, दुसऱ्या टोकाला चीजचा गोळा आणि मधे इवल्याशा पितळी बादलीत टोमॅटो.

"हे काय आहे?"

"ही सुटी पार्मा," मुलगी म्हणाली. "शेफची खासियत."

"बाई, मी पस्तीस वर्षं सुट्या भागांच्या कोठारात काढली," मर्व्ह म्हणाला. "सुटे भाग द्यायचो तेव्हा ते जोडायला खाली फिटर असायचा. तुमचा फिटर कुठाय?"

"मर्व्ह, जेव मुकाट्याने," नोला म्हणाली. तिला मासा मिळाला होता, आणि तो चांगला शिजला होता. संशय घेण्यासारखं त्यात तिला काही सापडेना, त्यामुळे तिला थोडं अपराध्यासारखं वाटत होतं.

मर्व्हने चीज चिकनवर चढवायचा प्रयत्न केला. त्यात काटा निसटून खाली पडला. तो काटा उचलायला वाकला, टेबलाखाली गेला आणि वर आलाच नाही.

दोघांनी थोडी वाट पाहिली.

"नोला," खालून आवाज आला. "मी इथे खाली आहे."

"ते कळलं आम्हाला."

"तसं नव्हे गं. मी इथे लिहिलेला आहे!"

साल्वू एकदम खाली गेला. सत्तरीला आलेली दोन माणसं सुटाबुटात टेबलाखाली रांगताहेत हे पाहून शेजारच्या टेबलावरचं बाळ टाळ्या वाजवू लागलं. नोलाने वाकून पाहिलं. खरंच, टेबलाच्या पोटाला सोनेरी अक्षरं होती. फलक पालथा घालून त्याचं टेबल केलं होतं. अकरा पत्रं, एक लाल शाईतलं, आणि इकडे त्यावर लोक सुट्या पार्मा खात होते.

"बघ!" मर्व्ह गरजला. "एकोणीसशे अडुसष्ट! एम. प्रीवेट! आता बोल, कोण लपवत होतं?"

"नाव सापडलं म्हणून मासा खरा होत नाही," साल्वूचा आवाज आला.

"म्हणजे?"

"म्हणजे त्रेचाळीस वर्षं मी गप्प बसलो, मर्व्ह. नोलाकडे बघून गप्प बसलो. तो मासा तू पकडलाच नव्हतास."

नोलाने काटा खाली ठेवला.

"मी त्या सकाळी शंभर हातांवर होतो," साल्वू सांगू लागला. त्याचा आवाज इतका चढला होता की आता सगळं पेलिकन ऐकत होतं, आणि जॅरड हातात पाट घेऊन तिथेच थबकला होता. "तुमची बोट मला स्वच्छ दिसत होती. बोटीत नोला एकटी होती. एकटी! तू नव्हतास. तू कुठे होतास ते मला माहीत आहे. तू मासळीबाजारात होतास. तू तो मासा विकत घेतलास!"

मर्व्ह प्रीवेटला लोकांनी हट्टी म्हटलं होतं, चिक्कू म्हटलं होतं, एका अधिकाऱ्याने कचऱ्यात शिरणारा म्हटलं होतं. पण विकतचा मासा? खाडीवर राहणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. त्याने उठायला पाहिलं, डोकं टेबलावर दाणकन आपटलं, आणि त्या आवाजातच तो ओरडला,

"विकत? मी बोटीतच होतो! तळाशी! डब्यात ओकत पडलो होतो! मासा नोलाने ओढला, माझ्या काठीने, माझ्या डोळ्यांदेखत, आणि तू मला विकतचा म्हणतोस?"

मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं. तो खालीच राहिला. तिथे राहणंच त्याला बरं वाटलं असावं.

साल्वू मात्र हळूहळू वर आला. कपाळावर आठ्या होत्या. "नोलाने?"

"साल्वू," नोला शांतपणे म्हणाली, "तू मला बोटीत एकटीला पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"माझ्या हातात काय होतं?"

"गळाची काठी."

"काठी कशी होती?"

"वाकलेली," तो म्हणाला. "चांगलीच वाकलेली."

"मग त्रेचाळीस वर्षांत तुला काय वाटलं?"

साल्वूने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मला वाटलं," तो म्हणाला, "मर्व्ह येईपर्यंत तू ती धरून बसली आहेस."

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. मग वाढणारी मुलगी हसली. मग नोला हसू लागली आणि तिला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने जाड कापडी नॅपकिनला पुसलं. तिने टेबलाखाली हात घातला, मर्व्हचं टेंगूळ चाचपलं आणि म्हणाली, "ये वर. तुझी पार्मा मी जोडून ठेवते."

जॅरड तर हरखून गेला होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याने फलक सुलटा करून त्यावर काच बसवली. नावांनी भरलेलं ते टेबल पाहायला माणसं येऊ लागली. मेन्यूवर 'नोलाचा स्नॅपर' आला. त्याची किंमत वाचून नोला म्हणाली, हा बहुतेक विकतचा असणार.

मर्व्ह तीन दिवस कोणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "रंगाऱ्याला बोलावतो. ते नाव बदलून टाकू. तुझं लिहू." इतकंच म्हणाला, पण ते 'नंतर' शेवटी आलं होतं. नोलाने त्याच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतला.

रंगारी ठरला. सोनेरी रंग आला. आणि त्याच सकाळी नगरपालिकेचं पत्र आलं. श्री. प्रीवेट यांच्या अकरा पत्रांची आणि विशेषतः लाल शाईतल्या भावनांची योग्य दखल घेऊन विभागाने सदर फलक वारसा यादीत समाविष्ट केला होता. यापुढे त्यावरचं एकही अक्षर पुसणं, बदलणं किंवा वाढवणं हा गुन्हा होता.

मर्व्हने ते पत्र दोनदा वाचलं आणि दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज मागवला. अर्जाला मंडळाच्या तत्कालीन पदाधिकाऱ्याची साक्ष हवी होती. हयात पदाधिकारी एकच, त्या वर्षीचा सहचिटणीस, साल्वू झामित. तो पेन घेऊन तयार बसला. पण अर्जात विचारलं होतं: मासा पकडताना आपण स्वतः पाहिला काय?

"काठी पाहिली," साल्वू म्हणाला. "नोला पाहिली. मासा नाही पाहिला. खोटं कसं लिहू?"

"मदत करायची नाही असं सांग ना सरळ!" मर्व्ह म्हणाला. त्या रविवारी सशाच्या कालवणाचा वाडगा कुंपणावरून आला तो अगदी काठोकाठ भरून आला. मर्व्हने तो पुसून खाल्ला.

अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर मर्व्ह दर गुरुवारी नोलाला पेलिकनमध्ये जेवायला नेऊ लागला आणि नऊ नंबरचंच टेबल मागू लागला. दर गुरुवारी त्याचा काटा खाली पडायचा आणि दर गुरुवारी त्याला तो सापडायला वेळ लागायचा. वाढणाऱ्या मुलीला संशय यायला लागला. खालून लाकडाची बारीक करकर ऐकू यायची, आणि नोला जोरजोरात सूप ढवळायची. मर्व्हच्या खिशात मासे साफ करायचा सुरा असायचा. वारसा यादीत फलकाची पुढची बाजू होती. मागच्या बाजूबद्दल पत्रात एक शब्द नव्हता. त्याने ते पत्र कोठारातल्या कारकुनाच्या नजरेने वाचलं होतं. सहा गुरुवार लागले.

जॅरडने २०१७ साली पेलिकन विकलं आणि डोंगरात शेळ्या पाळायला गेला. दाढी काढली म्हणे. त्याखाली अगदी साधा चेहरा निघाला. पाववाल्याचं दुकान बंद पडलं, तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात. साल्वू २०१८च्या हिवाळ्यात गेला. इस्पितळात नोलाचा हात धरून तो म्हणाला होता, "वीस पौंड सहा औंस होता माझा. वजनकाटा कोणाचा होता, ते कधी विचारलंत का?" त्याच्या परसातली निवडुंगाची फळं अजून कुंपणावरून या बाजूला येतात. मर्व्ह दोन वर्षांनी झोपेत गेला. चष्मा कपाळावर होता.

नोला आता ऐंशीला टेकली आहे. जनीन सिडनीहून आली की दोघी पेलिकनमध्ये जातात. काचेखाली अजून एम. प्रीवेट आहे, येणारे जाणारे त्याचा फोटो काढतात, आणि नोला कोणाला काही सांगायला जात नाही. गुडघ्यांमुळे तिला खाली वाकता येत नाही. जेवण येईपर्यंत ती एक हात टेबलाखाली नेते आणि बोटांनी ती खडबडीत, जरा तिरकी अक्षरं वाचते: मासा नोलाचा. मी तळाशी होतो.